रोगप्रतिकारशक्तीची उणीव : जन्मजात आणि अर्जित

वसतिगृहात एकाला पडसे झाले की आठवड्याभरात निम्मी खोली शिंकू लागते, हे माजी विद्यार्थ्यांस सांगावयास नको. बहुतेक मुले चार दिवसांत बरी होतात. एखादे मात्र पुनःपुन्हा अंथरूण धरते. त्याला ‘नाजूक’ म्हणून सोडून देण्यापूर्वी कारण जाणून घ्यावे, यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

शरीराचे रक्षण मुख्यत्वे पांढऱ्या पेशी व त्यांनी निर्माण केलेली प्रतिपिंडे करतात. ही यंत्रणा जन्मतःच अपुरी असल्यास ती प्राथमिक उणीव होय. तिचे मूळ जनुकांत असून असे साडेचारशेहून अधिक दोष ज्ञात आहेत. त्यांतील अनेक दोष माता व पिता दोघांकडून आले तरच प्रकट होतात. म्हणून आपल्याकडे रूढ असलेल्या मामे-आते भावंडांच्या विवाहांत त्यांचा संभव वाढतो. वर्षातून दोनदा न्यूमोनिया, औषधास दाद न देणारा संसर्ग, खुंटलेली वाढ, ही त्याची चिन्हे होत. घरात पूर्वी तान्ही मुले दगावली असतील, तर नवजात बाळास बीसीजी टोचण्यापूर्वी डॉक्टरांस तसे अवश्य सांगावे. तीव्र उणीव असलेल्या बाळास ही जिवंत लसच बाधू शकते. मुंबईत परळ येथील केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत अशा उणिवांचे निदान होते.

दुय्यम उणीव जन्मानंतर येते. कुपोषण हे तिचे जगातील सर्वांत मोठे कारण. मधुमेह, कर्करोगावरील औषधे, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स आणि एचआयव्ही ही अन्य कारणे. एचआयव्ही सीडी-४ पेशींचा नाश करतो आणि क्षयासारखे रोग बळावतात. हिंजवडीहून फार दूर नसलेल्या भोसरीत 1992 साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. 2004 पासून शासकीय केंद्रांत औषधे विनामूल्य मिळतात. ती नियमित घेणारे मूल इतरांप्रमाणेच शिकते, खेळते.

एका ताटात जेवल्याने, एका माठातील पाणी प्यायल्याने हा विषाणू पसरत नाही. तरीही अशा मुलाचे ताट वेगळे मांडले जाते. 2017 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत असा भेदभाव निषिद्ध ठरविला आहे. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी पाण्यासाठी 1927 साली महाडचा सत्याग्रह केला, त्यांना हे कायद्याने शिकवावे लागू नये. सहकाऱ्यांनी टाकून दिलेल्या आजारी भिक्षूस तथागतांनी आनंदासह स्वहस्ते स्नान घातले, ही विनयपिटकातील कथा आपण मुलांना सांगतो. ती भोजनगृहातही पाळली जावी, एवढीच आमची अपेक्षा.