आधी नाडी, मग आहारतक्ता

मुलीने जेवण टाळायला सुरुवात केली, कपडे अंगावर सैल पडू लागले, की बरेच आईबाप पहिली धाव आहारतज्ज्ञाकडे घेतात. बंगळुरूत त्यात हजार-दीड हजार रुपये सहज जातात आणि घरात आणखी एक तक्ता येतो. अ‍ॅनोरेक्सिया झालेल्या मुलीला कुठल्या पदार्थात किती कॅलरी हे आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं. आहारतज्ज्ञ लागतोच, पण नंतर.

पहिला खर्च बालरोगतज्ज्ञावर करा. नाडी, झोपून आणि उभं राहून घेतलेला रक्तदाब, ईसीजी, पोटॅशियम आणि फॉस्फरस एवढं तरी तपासून घ्या. खासगी लॅबमध्ये हे साधारण दोन-तीन हजारांत होतं. रिपोर्ट चांगले आले म्हणून निर्धास्त होऊ नका. शरीर बराच काळ तग धरतं. नाडी फार मंदावली, भोवळ आली किंवा सतत उलट्या काढणं सुरू असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता इमर्जन्सी गाठा. खूप दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला घाबरून एकदम भरपूर खाऊ घालू नका. त्याने फॉस्फरस झपाट्याने उतरून जीवावर बेतू शकतं.

त्यानंतर माझा कौल निम्हान्सला. होसूर रोडवरच्या या केंद्रीय संस्थेत बाल व किशोर मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे आणि खासगीच्या मानाने शुल्क फारच कमी. बीपीएल कार्ड असेल तर सोबत न्या. इथे पैशांऐवजी वेळ जातो. पहिला दिवस पूर्ण मोकळा ठेवा. बेळगावहून येणाऱ्यांना राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीत पोहोचता येतं. निघण्याआधी काही विचारायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो.

खासगीत मानसोपचारतज्ज्ञ एका भेटीचे साधारण हजार ते अडीच हजार घेतात, थेरपीचं एक सत्र दीड ते तीन हजारांना पडतं. किशोरवयीन अ‍ॅनोरेक्सियासाठी कुटुंबाला हाताशी धरून केलेल्या उपचाराला सर्वाधिक आधार आहे. त्याची वीसेक सत्रं सहा महिने ते वर्षभरात होतात; दोन हजारांनी धरली तरी चाळीस हजार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक आधी मागा. जोडीला ओसीडी, नैराश्य किंवा स्वतःला इजा करणं असेल, तर प्रत्येकासाठी वेगळा डॉक्टर शोधत फिरू नका. सूत्रं एकाच मानसोपचारतज्ज्ञाच्या हाती द्या.

खरा मोठा खर्च कुठल्याच बिलावर दिसत नाही. कुटुंबाला धरून केलेल्या या उपचारात दिवसातली तिन्ही जेवणं आणि मधली खाणी आईबाबांनी समोर बसून द्यायची असतात. वरण-भातावरचं तूप बोटाने ताटाच्या कडेला लावलं जातं, पोळीचा तुकडा बाहीत जातो, वजनाच्या दिवशी आधी दोन बाटल्या पाणी प्यायलं जातं. त्यावर रागावून उपयोग नसतो. शांतपणे दुसरी पोळी वाढायची. जेवणानंतर तासभर सोबतही राहायचं. म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे कोणाला तरी रजा हवीच. बिनपगारी निघाली तर घर कसं चालेल, हे नवरा-बायकोने आधीच बसून ठरवावं. मुलाला मानसोपचारासाठी भरती केलं तरी सुटका नाही: २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ८७नुसार पालक किंवा सोबतीच्या माणसाने पूर्ण काळ तिथे राहायचं असतं.

विम्याचंही याच कायद्यात आहे. कलम २१ सांगतं की मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच विमासंरक्षण हवं. पण बहुतेक पॉलिसी भरतीचाच खर्च देतात आणि यातला बराच उपचार बाह्यरुग्ण विभागात होतो, म्हणून ओपीडीचं कलम आजच वाचा. भरतीचा दावा मानसिक आजार म्हणून नाकारला तर कारण लेखी घ्या आणि आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.