प्लेटांवरच्या त्या करड्या रेघा

बयो, त्या पांढऱ्या प्लेटा भंगारवाल्याला देऊ नकोस. आणि भांडी घासणाऱ्या मावशींनाही काही बोलू नकोस, आधी माझं ऐक. रेघांचं दुःख तुला कमीच आहे, मला कळतंय. ‘आहेरात आलेला सेट सुनेनं वर्षभरात खराब केला’ असं घरात कुणी म्हणेल, याची धास्ती जास्त आहे. पण अगं, खराब काही झालेलंच नाही.

ओपलच्या प्लेटा म्हणजे दुधी काच. आणि काच ही आपल्या स्वयंपाकघरातल्या बहुतेक धातूंपेक्षा कठीण असते. 1812 साली मोस नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं कठीणपणाची एक उतरंड लावून ठेवली. तीत हिरा 10 वर, काच साधारण साडेपाचवर आणि ॲल्युमिनियम तिनाच्याही खाली. सोनंसुद्धा तिथेच, म्हणून तर काचेच्या हिरव्या बांगड्यांशेजारी घातलेल्या पाटल्या झिजतात. स्टील काचेच्या बरंच जवळ पोचतं, पण चमचा प्लेटेवर दाबून ओढला की त्याचेही बारीक कण सुटून काचेवर बसतात. सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासतो ना, तसंच हे. दगडाला ओरखडा पडत नाही, त्यावर सोन्याची रेघ उमटते. तुझ्या प्लेटांवर चमच्यांनी तेच केलंय. काच शाबूत आहे, झिजलाय तो चमचा.

तरी खात्री करून घे. प्लेट धुऊन कोरडी कर आणि रेघेवरून नख आडवं फिरव. नख सुळकन सरकलं तर रेघ वरवरची आहे, निघेल. नख अडकलं तर तो खरा ओरखडा, त्याला घरगुती इलाज नाही. आणि पांढरट, धुरकट डाग असतील तर ते तिसरंच प्रकरण, पाण्यातल्या क्षारांचं. वसई-विरारमध्ये सूर्या धरणाचं पाणी पुरलं नाही की बोअरचं नाहीतर टँकरचं येतं, ते जड असतं आणि काचेवर वाळलं की असे ठिपके सोडतं. ते व्हिनेगरच्या कपड्यानं निघतात.

करड्या रेघांसाठी आधी खायचा सोडा घे. थेंबभर पाण्यात दाटसर कालव आणि ओल्या मऊ कपड्यानं गोल गोल चोळ. सोडा काचेपेक्षा पुष्कळ मऊ असतो, त्यानं ओरखडे पडायची भीती नाही. ताज्या रेघा एवढ्यानं फिक्या होतात, पुष्कळदा जातातच. ज्या राहतील त्यांना आंबट लागतं. ढोकळ्यात घालतो ते लिंबूसत्त्व चमचाभर घेऊन कपभर कोमट पाण्यात विरघळव, त्यात भिजवलेला कपडा रेघेवर पंधरावीस मिनिटं ठेव आणि मग चोळ. मात्र सोडा आणि लिंबू एकत्र करू नकोस. फेस येतो, तो बघायला छान वाटतो, पण दोघं एकमेकांचा जोर मारून टाकतात. एक झालं, धुतलं, मग दुसरं.

फार जुनी, हट्टी रेघ असेल तर बिलिंबी शोध. कोकणपट्टीत लोणच्यात, माशाच्या कालवणात घालतात ती. तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. अमेरिकेत इंडियानापोलिसला एका रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की रुबार्ब नावाची आंबट भाजी शिजवली की पातेलं लख्ख होतं. त्यातून 1882 साली त्यानं घासायची जी पावडर काढली, तिच्यातही हेच आम्ल. प्लेटांवरच्या धातूच्या रेघांसाठी तिकडे आजही तीच वापरतात. बिलिंबी उभी चिरून रेघेवर घासायची, थोडा वेळ ठेवून स्वच्छ धुवायची. बाजारात सुटी मिळणारी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड मात्र जेवणाच्या भांड्यांसाठी आणू नकोस. ती विषारी असते, आणि तुझ्या घरात रांगतं लेकरू आहे.

तारेची घासणी या प्लेटांना लावूच नकोस. ती स्वतःच स्टीलची, एक रेघ काढायला जाशील आणि दहा ओढून ठेवशील. रेती आणि राखही नको. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरची वाळू बघ, तिच्यात गारेचे कण असतात, ते मोसच्या उतरंडीत 7 वर, म्हणजे काचेच्याही वर. त्यांनी पडतो तो खरा ओरखडा. सोनेरी काठाच्या प्लेटा असतील तर काठाला काहीच चोळायचं नाही, तो मुलामा निघून येतो. मावशींना उद्या स्पंजची मऊ घासणी आणून दे. आपण हातात तार द्यायची आणि दोष त्यांना लावायचा, हे बरं नव्हे.

काचेच्या शेगडीवरचे करडे पट्टेही याच जातीचे, ॲल्युमिनियमचा कुकर सरकवल्यानं पडलेले. शेगडी पूर्ण गार झाल्यावरच हात लाव, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती फुटू शकते. लिंबाचं पाणी बर्नरमध्ये, बटणांच्या फटीत जाऊ देऊ नकोस. आणि कुकर सरकवण्याऐवजी उचलून ठेवायची सवय घरात सगळ्यांनाच लाव, सासऱ्यांनासुद्धा.

खिडकीच्या काचेवर फ्रेमच्या कडेला आहेत त्या रेघाही ॲल्युमिनियमच्याच. तिथे सोडा, मग व्हिनेगर, बस्स. बाथरूमचं ॲसिड तिकडे नेऊ नकोस, ते काचेला काही करणार नाही पण ॲल्युमिनियमची चौकट खाऊन टाकेल. समुद्राच्या खाऱ्या हवेनं ती आधीच बेजार असते. आरशासारखी चमकणारी काच असेल तर तिच्यावर लेप असतो. लेपाच्या बाजूला आम्लही नको आणि चोळणंही नको.

प्लेटा रचताना मध्ये जुन्या सुती साडीचे तुकडे घाल, वाढायला लाकडी डाव ठेव. चमच्यानं जेवताना रेघा पडणारच, वापरतं घर आहे, दर महिन्यादोन महिन्यांनी सोडा फिरवायचा. जिच्यात नख अडकेल ती प्लेट मात्र वेगळी काढ आणि तिच्यात गरम आमटी वाढू नकोस. कडक केलेल्या काचेला खोल ओरखडा असला की ती अवचित फुटू शकते. तिच्यावर कुंडी ठेव, सासूबाईंनी विचारलं तर कारण सांग. बाकीच्या प्लेटांतली एक आज दुपारी करून बघ आणि संध्याकाळी मला फोन कर.