छायाचित्र टिपणारे आणि छायाचित्र निवडणारे

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार हा विषय त्यांनी हाती घेतला आणि वर्षानुवर्षं सोडला नाही. गटारात उतरणारी माणसं, कचऱ्याच्या ढिगाऱ्यात उभं राहून चाललेलं काम, कामावरून परतल्यानंतरचं घर, असं सगळं त्यांनी टिपलं. या प्रकाराला डॉक्युमेंटरी फोटोग्राफी म्हणतात. बातमीचा छायाचित्रकार घटना घडली की धावतो. डॉक्युमेंटरी छायाचित्रकार मात्र काहीच घडत नसतानाही त्याच वस्तीत जात राहतो, कारण रोज जे चाललंय तेच त्याला दाखवायचं असतं.

आपल्या मुलीला किंवा मुलाला हेच करायचंय असं कळल्यावर पालक दोन गोष्टी विचारतात. यात पोट भरेल का, आणि कॅमेरा केवढ्याला पडेल? पहिला प्रश्न अगदी रास्त आहे, त्याकडे पुढे येतोच. दुसऱ्याची घाई नको. कर्ज काढून कॅमेरा घेऊन देऊ नका. सुरुवातीला चांगल्या स्थितीतला वापरलेला कॅमेरा आणि ३५ किंवा ५० मिलिमीटरची एक लेन्स पुरते. या लेन्सने माणूस टिपायचा तर त्याच्या जवळ जावं लागतं, बोलावं लागतं, आणि या कामातलं निम्मं शिक्षण तिथेच होतं.

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीचं उदाहरण घेऊ. दिवाळीच्या आगेमागे तिच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. रस्त्याकडेच्या फडात ऊस तोडणारी बाई कोणीही टिपेल, आणि तसे फोटो ढिगाने आहेत. पण नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ का म्हणतात, मुकादमाकडून घेतलेली उचल हंगाम संपला तरी का फिटत नाही, हे जिला ठाऊक आहे ती आणखी बरंच टिपेल. मुकादमाची वही, पहाटेच्या अंधारात कोपीसमोर पेटलेली चूल, आईबाप कारखान्यावर गेल्यावर आजीपाशी राहिलेली पोरं, आणि हंगाम संपल्यावर घराच्या ओट्यावर बसून होणारा हिशेब. कोणाच्या तोंडावर कॅमेरा धरायचा नाही, हेही तिला कळेल. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अशा विषयावर काम करताना बाईचा चेहरा न दाखवता तिची गोष्ट सांगता येणं हेच कसब आहे. काही ठिकाणी तर कायद्यानेच बंदी आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची किंवा स्त्रीची ओळख उघड करणारं छायाचित्र छापणं हा गुन्हा आहे. विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी पॉक्सो कायद्याचं २३ वं कलम वाचून ठेवावं.

मग ती चारशे-पाचशे फोटो घेऊन घरी येते. त्यातून दहा कोण काढणार? इथे त्या व्यवसायाचं काम सुरू होतं, ज्याची आपल्या घरांत कधी चर्चाच होत नाही: फोटो एडिटर, म्हणजे छायाचित्र संपादक. संगणकावर रंग उजळवणारा माणूस असा त्याच्याबद्दल समज असतो, आणि तो चुकीचा आहे. कोणत्या विषयाला कोणता छायाचित्रकार पाठवायचा हे तो ठरवतो. आलेल्या ढिगातून निवड करतो, पहिल्या पानावर कोणतं, शेवटी कोणतं, कोणतं मोठं, कोणतं लहान याचा क्रम लावतो. एकाच अर्थाची दोन सुंदर छायाचित्रं असतील तर एक काढून टाकतो, मग छायाचित्रकार कितीही हळहळो. छायाचित्रांखालच्या ओळी तपासतो, हक्कांचे करार पाहतो. रघू राय यांनी १९८२ पासून जवळजवळ दशकभर ‘इंडिया टुडे’साठी छायाचित्रं काढली, तशीच तिथली छायाचित्रांची बाजूही सांभाळली. एकाच माणसाला दोन्ही जमू शकतं, पण ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. ज्या मुलांना वाचनाची, मांडणीची आवड आहे, पण अनोळखी दारात उभं राहायला संकोच वाटतो, त्यांनी संपादनाच्या कामाचा गंभीरपणे विचार करावा.

संपादकाच्या खुर्चीची जबाबदारी मोठी असते. फेब्रुवारी १९८२ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून संगणकाने एकमेकांजवळ सरकवण्यात आले. नियतकालिकावर त्याबद्दल भरपूर टीका झाली. आज हे मोबाइलवर कोणीही करू शकतं, म्हणून ‘हे करायचं नाही’ म्हणणाऱ्या माणसाची गरज वाढली आहे.

आणि ओळी, म्हणजे कॅप्शन. विद्यार्थी त्या सर्वांत शेवटी, कंटाळत लिहितात. १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे डोरोथिया लँग यांनी स्थलांतरित शेतमजुरांच्या तळावर एका आईचं, तिच्या खांद्यांवर तोंड लपवलेल्या मुलांसह, छायाचित्र घेतलं. अमेरिकेतल्या महामंदीचा तो चेहरा ठरला. लँग एरवी बारकाईने टिपणं ठेवत, पण त्या दिवशी त्यांनी त्या बाईचं नाव विचारलं नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळायला १९७८ उजाडलं, आणि तेव्हा त्या बाईंनी या छायाचित्राबद्दल नाराजीच व्यक्त केली. जगभर छापल्या गेलेल्या त्या छायाचित्राने त्यांना एक पैसाही दिला नव्हता. लँग यांच्या कामाबद्दल मला अपार आदर आहे. तरीही प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे सांगेन: नाव विचारा, गाव विचारा, फोटो कुठे छापला जाईल ते समजावून सांगा, आणि समोरचा नको म्हणाला तर कॅमेरा खाली घ्या.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. पदवीनंतर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (‘एनआयडी’) गांधीनगर केंद्रात छायाचित्रणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. दिल्लीच्या जामिया मिलियामधलं जनसंवाद केंद्र आणि ढाक्यात शाहिदुल आलम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली ‘पाठशाला’ यांचं या क्षेत्रात मोठं नाव आहे. पण समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा मराठी साहित्य शिकूनही इथे येता येतं, आणि माझ्या मते ती वाट जास्त भक्कम आहे. दानिश सिद्दिकी यांनी आधी अर्थशास्त्र, मग जनसंवाद शिकला, वार्ताहर म्हणून काम केलं आणि नंतर कॅमेरा हाती घेतला. रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी २०१८ चं पुलित्झर मिळालेल्या रॉयटर्सच्या चमूत ते होते. जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात लढाईचं वार्तांकन करताना ते मारले गेले. पालकांपासून हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र युद्धभूमीवर जाणारे फार थोडे असतात. बहुतेकांचं काम आपल्याच जिल्ह्यात, वाडीवस्तीवर चालतं.

आता पोटाचा प्रश्न. नियतकालिकांत पगारी नोकऱ्या कमी आहेत आणि पहिली काही वर्षं ओढाताणीची जातात. मुक्त छायाचित्रकाराचं घर बहुधा स्वयंसेवी संस्थांचे अहवाल, कंपन्यांच्या सामाजिक निधीतले प्रकल्प, शिष्यवृत्त्या आणि हो, लग्नाच्या हंगामावरही चालतं. त्यात कमीपणा नाही. फोटो एडिटिंग, संशोधन आणि लेखन येत असेल तर कामं वाढतात. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ च्या अखेरीस सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ग्रामीण जीवनाच्या सचित्र कहाण्या मराठीतही येतात आणि विद्यार्थ्यांचं कामही प्रसिद्ध होतं. तिथे रोज एक कहाणी वाचा आणि छायाचित्रं त्याच क्रमाने का लावली असतील याचा विचार करा.

कराराचा कागद मात्र पालकांनी मुलांसोबत बसून वाचावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. मुलं कामाच्या आनंदात हे विसरतात आणि वर्षभराची मेहनत एका बिलावर देऊन टाकतात. ‘हक्क छायाचित्रकाराकडे राहील, संस्थेला अमुक कामासाठी, अमुक वर्षं वापरता येईल’ एवढं एक वाक्य काम स्वीकारण्याआधी लिहून घ्यायला शिकवा.