अस्थिमज्जा: मंडळीसाठी एक पाठ



दापोली तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर रक्ताच्या कर्करोगाचा विषय निघाला की आया मला विचारतात, "ताई, हाडातलं काढलं तर दुसरं पोर लुळं पडंल ना?" म्हणून या अंकाचा पाठ अस्थिमज्जेवर.

जीवन रक्तात आहे, हे आपण लेवीयच्या 17 व्या अध्यायात वाचतो. ते रक्त हाडातल्या मऊ गरात तयार होते, हे वैद्यकाला 1868 साली उमगले. हा गर बिघडला तर काय करायचे, याचे उत्तर आपल्याकडे 1983 च्या मार्चमध्ये मिळाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ. डॉक्टर स्वतः लहानपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअरवर. हे काम ते अमेरिकेत सिअ‍ॅटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे शिकले होते. थॉमस यांना पुढे 1990 साली नोबेल मिळाले.

आता आयांच्या प्रश्नाकडे वळू. मज्जा कमरेच्या हाडातून, भूल देऊन सुईने काढतात. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूशी तिचा संबंध नाही. नावे सारखी, म्हणून घोटाळा होतो. दात्याची कंबर काही दिवस दुखते, काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. रुग्णाची जुनी मज्जा आधी औषधांनी नष्ट करतात, मग नव्या पेशी सलाईनसारख्या शिरेतून देतात. त्या आपली वाट शोधत हाडात जाऊन बसतात. (मला याचे आजही नवल वाटते.) रुजायला दोन ते चार आठवडे लागतात. त्या काळात साधा सर्दीखोकलाही जिवावर बेतू शकतो आणि नव्या पेशी कधी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात.

सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आईवडील अर्धे जुळतात; आता तेही चालवता येते. आणि हेही सांगा, की मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात बहुतेकांना प्रत्यारोपण लागतच नाही, औषधांनी ती बरी होतात. पण लवकर गेले पाहिजे.

न उतरणारा ताप, पांढरेफटक पडलेले अंग, निळे डाग, हिरड्यांतून रक्त, हाडे दुखणे दिसले तर भगताकडे दिवस घालवू देऊ नका. उपजिल्हा रुग्णालयात रक्त तपासून घ्या. टाटाचे प्रत्यारोपण केंद्र खारघरला आहे. मार्क 2 मधल्या चौघांनी पक्षाघाती माणसाची खाट उचलली होती. आपल्याकडे ती खाट म्हणजे गाडीभाडे, रेशनकार्ड, आधार आणि मागे राहिलेल्या भावंडांचे जेवण. पुढच्या उपासनेनंतर या कामासाठी नावे घेतली जातील.