शिलावर्तुळे : ती कशी रचली आणि कशासाठी?

आपल्या उज्जयिनीत गढकालिकेच्या परिसरात जी उंचसखल भूमी दिसते, तिच्या पोटात प्राचीन अवंतीची राजधानी निद्रिस्त आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९५६ ते १९५८ या काळात श्री. एन. आर. बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. तेव्हा मातीचा प्रचंड तट, त्याभोवतीचा खंदक आणि लोखंडाच्या वापराच्या खुणा उजेडात आल्या. इसवी सनापूर्वी सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास येथील लोक टोपल्या टोपल्या माती वाहून नगराच्या रक्षणासाठी तट उभारीत होते.

त्याच शतकांत नर्मदा आणि सातपुडा यांच्या पलीकडे, आजच्या नागपूरच्या आसपास, लोक असेच माती आणि दगड वाहत होते. पण ते नगरासाठी नव्हे, तर मृतांसाठी. हे लोक स्वतः लाकडाच्या खांबांच्या व कुडाच्या घरांत राहत. त्या घरांचे आज काय उरले आहे? जमिनीतील खांबांची भोके, चोपलेल्या भुईचे तुकडे आणि चुलींची राख. त्यांनी मृतांसाठी रचलेली दगडांची वर्तुळे मात्र अडीच हजार वर्षांनंतरही माळावर उभी आहेत. जिवंतांना कूड आणि मृतांना पाषाण, असा हा व्यवहार त्यांनी का केला असावा? या प्रश्नाचा विचार आपण प्रस्तुत लेखात करणार आहोत.

प्रथम नावाचा उलगडा करू. मोठमोठ्या शिळांनी रचलेल्या स्मारकांना व थडग्यांना अभ्यासक ‘बृहदश्म’ अथवा ‘महापाषाण’ स्मारके म्हणतात. बृहत् म्हणजे मोठा आणि अश्म म्हणजे दगड. शिळा पाहून ही सर्व स्मारके अश्मयुगातील असावीत असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि पश्चिम युरोपात ते खरेही आहे. फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावरील बार्नेनेझचे थडगे साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराचे आहे. आयर्लंडमधील न्यूग्रेंजचे थडगे इ. स. पू. ३२०० च्या सुमाराचे. ते बांधणारे नवाश्मयुगीन शेतकरी होते. त्यांच्यापाशी धातूचे एकही हत्यार नव्हते. भारतातील कथा मात्र निराळी आहे. १९४७ साली कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केले, तेव्हा दगडी कुऱ्हाडी वापरणाऱ्यांच्या थरांच्या वर बृहदश्म संस्कृतीचे थर आढळले आणि त्यांत लोखंड होते. विदर्भातील शिलावर्तुळेही, ढोबळ मानाने, इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील म्हणजे लोहयुगातील आहेत. दगडाचे थडगे म्हणजे दगडाचे युग, हे समीकरण आपल्या देशात चालत नाही.

त्याआधीच्या शेतकऱ्यांची रीत कशी होती, हेही पाहण्यासारखे आहे. उज्जयिनीपासून सुमारे २५ किलोमीटरांवर छोट्या कालीसिंधेच्या काठी कायथा हे गाव आहे. १९६४ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी तेथील प्राचीन वस्ती शोधून काढली. चार हजार वर्षांहून जुनी ही ताम्रपाषाणयुगीन वस्ती माळव्यातील आद्य कृषकांची साक्ष देते. पुढे याच युगातील महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील इनामगावी, लोक आपल्या मृत बालकांना दोन रांजणांत तोंडाला तोंड लावून घराच्याच भुईखाली पुरीत. म्हणजे मृत व्यक्ती घरातच राहत असे. बृहदश्म संस्कृतीच्या लोकांनी तिला घराबाहेर नेले, तिच्यासाठी स्वतंत्र भूमी राखली आणि ती भूमी दुरून दिसेल अशी केली. हा बदल लहान नाही.

विदर्भातील या स्मारकांकडे विद्वानांचे लक्ष बरेच लवकर गेले. नागपूरजवळील जुनापाणी येथे सुमारे ३०० वर्तुळे आहेत. तेथे रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच काही वर्तुळे उघडली. शास्त्रशुद्ध अभ्यासाला खरा वेग आला तो डॉ. शां. भा. देव यांच्यामुळे. नागपूर विद्यापीठाच्या व पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड अशा स्थळी उत्खनने झाली. टाकळघाट येथे वस्ती, तर जवळच खापा येथे थडगी. अशा जोडीमुळे जगणारे आणि त्यांचे मृत यांचा एकत्र अभ्यास करता आला.

आता रचनेकडे वळू. जागा बहुधा अशी निवडीत, की शेतीची सुपीक काळी जमीन वाया जाऊ नये. मुरमाड, उंचवट्याचा माळ आणि हाताशी दगड, हे दोन्ही तेथे साधत असे. मृतदेह अथवा अस्थी ठेवून त्यांभोवती मडकी, हत्यारे व अलंकार मांडीत. त्यावर चिकण काळी माती, मुरूम आणि गोटे यांचा भराव घालीत. भरावाच्या कडेने मोठे धोंडे एकाला एक लागून बसवीत. कोठे एकच कडे, तर कोठे दुहेरी. मध्यभागी उंच आणि कडेला उतरता असा तो ढीग होई. कडेचे धोंडे भराव धरून ठेवीत, त्यामुळे पावसाने तो वाहून जात नसे. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. म्हणजे दगड केवळ बसवला नाही, त्यावर काही हेतूने खूण केली.

यासाठी किती श्रम लागत असतील, याचा हिशेब आपणच करू. बारा मीटर व्यासाचे एक वर्तुळ घ्या आणि भरावाची सरासरी जाडी अर्धा मीटर धरा. ३.१४ गुणिले ६ गुणिले ६ गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे ५६ घनमीटर भराव झाला. एक घनमीटर माती १६०० किलोची मानली, तर एकूण वजन ९०,००० किलोच्या आसपास भरते. एका टोपलीत २० किलो माती मावते असे धरल्यास साडेचार हजार टोपल्या झाल्या. ५० माणसांनी दररोज प्रत्येकी १५ टोपल्या वाहिल्या, तर सहा दिवस लागतील. धोंड्यांचे काम वेगळेच. काळ्या पाषाणाचा एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद व जाड असा धोंडा सुमारे ७०० किलोंचा होतो. तो पहारीसारख्या दांड्यांनी उचकटायचा, ओंडक्यांवरून सरकवायचा आणि जागेवर बसवायचा. या कामास राक्षसी बळाची गरज नव्हती. तरफ, दोर, ओंडके आणि एका तालात ओढणारे हात पुरेसे होते.

हे केवळ कल्पनारंजन नव्हे. फ्रान्समधील बूगों येथे १९७९ साली एक प्रयोग झाला. ३२ टन वजनाचा ठोकळा लाकडी ओंडक्यांवर ठेवून सुमारे २०० माणसांनी दोरांनी व तरफांनी तो हलवून दाखविला. आपल्या देशात तर यासाठी प्रयोगाचीही आवश्यकता नाही. ईशान्येकडील नागा लोकांत लाकडाच्या घसरगाडीवर शिळा बांधून सारा गाव ती ओढीत नेई. शिळा उभारणारा कुटुंबप्रमुख गावाला मेजवानी देई आणि त्याला मोठा मान मिळे. मेघालयातील खासी लोकांनी पूर्वजांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळा आजही पाहावयास मिळतात. आपल्या महाराष्ट्रातही, गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील माडिया लोकांत मृतासाठी दगड उभा करण्याची प्रथा आहे.

आमच्या हिशेबातील खरा प्रश्न येथेच निर्माण होतो. ५० माणसे सहा दिवस माती वाहत असतील, तर त्यांना जेवू कोण घालीत होते? त्यांची शेती, गुरे आणि मुले तेवढे दिवस कोण सांभाळीत होते? एका कुटुंबाच्या आवाक्यातील हे काम नव्हे. यासाठी साठवलेले धान्य हवे, शेजारच्या वाड्यांचे साहाय्य हवे आणि ‘आज तुमच्यासाठी आम्ही, उद्या आमच्यासाठी तुम्ही’ असा विश्वास हवा. थडगे उभे राहण्यापूर्वी समाज उभा राहावा लागतो.

थडग्यांत मिळालेल्या वस्तू याच समाजाचे चित्र रेखाटतात. आतून काळी आणि बाहेरून खाली तांबडी, वर काळी अशी मडकी सर्वत्र मिळतात. लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर यांची संख्या मोठी आहे. माहुरझरी येथे तांब्याच्या मुठीचा खंजीर, सोन्याचे अलंकार व तांबड्या अकीक दगडाचे सुबक मणी मिळाले. अनेक वर्तुळांत घोड्याच्या अस्थी, लोखंडी लगाम आणि घोड्याला सजविण्याचे तांब्याचे दागिने सापडले. धन्याबरोबर त्याच्या घोड्यालाही निरोप दिला जात होता. नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच उजेडात आली. थडग्यात ठेवलेली कुऱ्हाड दूरदेशाहून आणलेली नव्हती; ती याच लोकांच्या घामातून निघाली होती. इतकी मोलाची वस्तू मातीत कायमची ठेवणे म्हणजे जिवंतांच्या वाट्याचे काढून मृताला देणे होय.

मग हे सारे कशासाठी? याची तीन उत्तरे संभवतात, आणि ती परस्परविरोधी नाहीत. पहिले उत्तर श्रद्धेचे. मृताला पुढील प्रवासात अन्न, शस्त्र व वाहन लागेल, ही भावना मडक्यांतून व घोड्यांतून स्पष्ट दिसते. दुसरे उत्तर भूमीचे. ज्यांच्यापाशी लेखनकला नव्हती, त्यांनी ‘ही आमच्या वाडवडिलांची भूमी’ हे कोठे लिहावे? पूर्वजांची वर्तुळे हाच त्यांचा दस्तऐवज होता. तो वाचण्यास अक्षरओळख लागत नसे. तिसरे उत्तर ऐक्याचे. अनेक थडग्यांत संपूर्ण सांगाडा नसून निवडक अस्थीच मिळतात. म्हणजे मृत्यूनंतर काही काळाने, सवडीच्या ऋतूत, दूरचे आप्त जमवून हा अंतिम विधी होत असावा. एकत्र ओढणे, एकत्र जेवणे आणि एकत्र शोक करणे यांतून विखुरलेल्या वाड्यांचे एक कुळ होई.

दूरच्या न्यूग्रेंजचे उदाहरण या ठिकाणी फार बोलके आहे. त्या थडग्याच्या दारावर एक झरोका ठेवलेला आहे. वर्षातील सर्वांत लहान दिवशी, म्हणजे २१ डिसेंबरच्या सुमारास, उगवत्या सूर्याचा किरण त्यातून शिरतो आणि १९ मीटर लांबीच्या वाटेवरून थेट अंतर्गृहापर्यंत पोहोचतो. १९६७ साली प्राध्यापक ओ’केली यांनी हे दृश्य स्वतः पाहिले. जयसिंहाच्या वेधशाळेत सूर्याची सावली मोजणाऱ्या आम्हां उज्जयिनीकरांना याचे महत्त्व सहज समजेल. त्या दिवसानंतर दिवस मोठा होऊ लागतो. मृतांच्या अंधाऱ्या दालनात नेमका त्याच दिवशी प्रकाश आणणाऱ्या लोकांना मृत्यूबरोबर जीवनाचेही चिंतन करावयाचे होते.

आता गढकालिकेच्या तटाशी ही वर्तुळे ताडून पाहा. तटाने जिवंतांना शत्रूपासून राखले, वर्तुळांनी मृतांना विस्मृतीपासून राखले. दोन्ही कामे अनेक हातांनी झाली. एके ठिकाणी नगर व राजसत्ता जन्मास आली. दुसरीकडे राजाची आज्ञा नसतानाही नातेसंबंधांच्या बळावर तितकेच चिवट काम उभे राहिले. मोठी कामे केवळ मोठी राज्येच करतात असे मानणाऱ्यांनी जुनापाणीचा माळ अवश्य पाहावा.

परंतु तो माळ पाहावयास शिल्लक राहील काय? वर्तुळांचे धोंडे बांधकामाला सोयीचे, भराव रस्त्याला सोयीचा आणि माळ वस्तीला सोयीचा. नांगर, खाणी आणि वाढती शहरे यांच्यापुढे अनेक वर्तुळे नष्ट झाली आहेत. गुप्तधनाच्या लोभाने उकरलेले वर्तुळ तर कायमचे मुके होते. कारण वस्तू कोणत्या थरात, कोणाच्या शेजारी, कोणत्या दिशेने होती, यातच तिचे बोलणे असते. सुटी कुऱ्हाड म्हणजे गंजलेले लोखंड. सांगाड्याच्या हाताशी सापडलेली कुऱ्हाड म्हणजे एका माणसाचे चरित्र.

आपण विद्यार्थी यात काय करू शकतो? आपल्या उज्जयिनीत राहून कार्य करणाऱ्या वाकणकरांनी १९५७ साली आगगाडीतून जाताना दूरवरचे खडक पाहिले, त्यांचा वेगळेपणा हेरला आणि भीमबेटकाची चित्रे जगापुढे आली. त्या खडकांसमोरून प्रवासी रोजच जात होते. पाहणारे डोळे एकाचेच निघाले. सुट्टीत आजोळी, शेतावर अथवा डोंगरावर जाल, तेव्हा विचित्र रचलेले दगड, खापरांचा खच किंवा जुनी टेकडी दिसल्यास ती उकरू नका, तेथील काही उचलू नका; जागा टिपून घ्या, रेखाटन करा आणि गुरुजनांमार्फत पुरातत्त्व विभागास कळवा. ज्यांनी आपल्या मृतांसाठी साडेचार हजार टोपल्या माती वाहिली, त्यांच्यासाठी वहीचे एक पान भरणे आपणांस जड जाऊ नये.