महिन्याला फक्त एक टक्का

सुट्टीत घरी गेलो, तर नवा फ्रीज आला होता, हप्त्यांवर. कर्ज १२,००० रुपये, मुदत एक वर्ष, व्याज ‘महिन्याला फक्त एक टक्का’, हप्ता १,१२०. मी वहीत मांडून पाहिले. मुद्दल दरमहा फिटत जाते, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १२,००० वरच! म्हणजे खरा वार्षिक दर सुमारे साडेएकवीस टक्के. बाबा वही बघत राहिले.

अशी विनातारण कर्जे देशभर फार वेगाने वाढली. म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम कडक केला : अशा १०० रुपयांच्या कर्जामागे बँकेला किमान ९ रुपये भांडवल लागे, ते सव्वाअकरा झाले. घर, शिक्षण, वाहन आणि सोनेतारण कर्जे त्यातून वगळली. फ्रीजचे नाही.