वाटेत टायर फुटला तर : भाच्यास पत्र

चि. बाळास,

तुझी नेमणूक गडचिरोलीस झाली असून चंद्रपूरहून रोज मोटारीने जाण्यायेण्याचा तुझा मनोदय आहे, असे ताईकडून कळले. तिला धास्ती आहे ती लोहाऱ्यापासून मूलपर्यंतच्या जंगलाची आणि त्यातील वाघाची. ती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्या या दोन जिल्ह्यांत रस्त्यावर अडलेल्या मोटारीचा खरा काळ मागून येतो, आणि तो बहुधा कोळशाने, सिमेंटने वा सुरजागडच्या लोहखनिजाने भरलेला ट्रक असतो.

भरधाव गाडीचा टायर फुटताच पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि नेमके तेच घातक ठरते. कारण गाडी फुटलेल्या चाकाच्या अंगास ओढली जाऊन भोवंडते. सबब स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, अॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढून, गाडी सरळ रेषेत मंदावू द्यावी आणि वेग पुरता उतरल्यावरच डाव्या कडेस न्यावी. वळणावर किंवा पुलावर मुळीच थांबू नये. व्याहाडच्या पुढे वैनगंगेच्या पुलावर असा प्रसंग आला, तर रिम घासून निकामी झाली तरी बेहत्तर, पण हळूहळू पूल ओलांडूनच थांब. टायर आणि रिम बाजारात विकत मिळतात, एवढ्या एका गोष्टीचे विस्मरण होऊन भलीभली माणसे प्राणास मुकली आहेत.

थांबल्यावर चारी इंडिकेटर चालू करून सर्वांनी डाव्या दारानेच उतरावे आणि रस्त्यापासून दूर उभे राहावे. लाल त्रिकोण मागे निदान पन्नास मीटरांवर ठेव. वरोऱ्याकडच्या चौपदरी रस्त्यावर याच्या दुप्पट अंतर राख. जागा अरुंद असेल तर चाक बदलण्याचा हट्ट सोडून, राष्ट्रीय महामार्गावर 1033 किंवा कोठेही 112 या क्रमांकावर इत्तला दे. जंगलात अंधार पडला असेल तर चाकाशी एकट्याने ओणवे बसू नकोस, कारण वाकलेला मनुष्य श्वापदास सावजासारखा भासतो; गाडी सरपटत का होईना, पुढच्या वस्तीपर्यंत ने.

चाक बदलताना हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून, तिरप्या बाजूच्या चाकास दगडाची ओट लाव. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅकवर चढलेल्या गाडीशी पान्याने झटापट केली तर ती निसटते. पावसाळ्यात कडेच्या मऊ मातीत जॅक रुततो, म्हणून त्याखाली घालण्यास जाड फळी जवळ असू दे. गाडीखाली हात किंवा डोके कदापि घालू नये.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46 अंशांवर जातो तेव्हा टायर फुटण्याचा दोष आपण उन्हास देतो. वस्तुतः हवा कमी असलेल्या टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्यागणिक दबतात, त्यातून उष्णता साठते आणि तापलेला रस्ता तीत भर घालतो. म्हणून सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच हवा तपासण्याचा परिपाठ ठेव. तापलेल्या टायरमधील हवा मात्र सोडू नये.

आणखी एक ताकीद. त्रिकोण नसला की आपल्याकडे रस्त्यावर दगड आणि पळसाच्या फांद्या मांडतात, आणि काम होताच ते तसेच टाकून निघून जातात. रात्री एखादा दुचाकीस्वार त्यांवर आदळतो. स्वतः मांडलेला प्रत्येक दगड उचलूनच निघावे, यात मी हयगय खपवून घेणार नाही.

स्टेपनीत हवा किती आहे ते पाहून रविवारच्या आत मला कळव.

तुझा,
मामा